पाय दाखव, पाय

आमच्या बाईंनी जन्मभर मुलींना हातोडाफेक शिकवली आणि समोर हातोडा उडताना एकदाही पाहिला नाही. महाप्याच्या ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं मी थापा मारतेय. पण नावड्याच्या त्या मोकळ्या प्लॉटवर शिकून गेलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, ती हेच सांगेल.

हातोडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सुतार येतो. म्हणून आधी एवढं सांगून टाकते. हा हातोडा म्हणजे लोखंडाचा एक गोळा, त्याला तार आणि तारेच्या टोकाला मूठ. मूठ दोन्ही हातांनी धरायची, गोळा डोक्यावरून फिरवायचा, मग आपणही गरगर फिरत रिंगणाच्या मागच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत यायचं आणि सोडून द्यायचा. पाय कडेबाहेर पडला की लाल झेंडा वर, फेक बाद. एवढाच खेळ आहे. एवढ्यासाठी माझ्या तरुणपणाच्या सगळ्या संध्याकाळी त्या प्लॉटवर गेल्या, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मुलगी फिरायला लागली की बाई जाळीच्या आडोशाला उकिडव्या बसायच्या. साडी गुडघ्यांत खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात कधीच न वाजवलेली शिट्टी, आणि नजर त्या मुलीच्या पायांवर. हातोडा सुटला की आम्हा सगळ्यांच्या माना वर जायच्या. बाईंची मान खालीच. मग लांबून धप् असा आवाज यायचा आणि बाई तो आवाज ऐकून निकाल सांगायच्या. "डावा अंगठा उशिरा टेकवलास. बोरीच्या झुडपाच्या अलीकडं पडला ना?" आम्ही धावत जाऊन बघायचो. बोरीच्या झुडपाच्या अलीकडंच पडलेला असायचा. टेपनं मोजून क्वचित बाई चुकल्याच, तर त्या म्हणायच्या, "टेप उनानं सैल झाली."

एकदा मी विचारलंच. "बाई, एकदा तरी वर बघा ना. काय मस्त जातो!"

"वर बघून काय तो परत येनार हाय?" बाई म्हणाल्या. "कुटं जाचं ते पायांनी आदीच ठरवलेलं असतं. तू पाय बघ गो, घाटावरची."

मला त्या घाटावरचीच म्हणायच्या. आमचं गाव साताऱ्याकडचं, बाबा बँकेत, घर खांदेश्वरला स्टेशनजवळच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर. बाई खांदेश्वरच्याच शाळेत आम्हाला पी.टी. शिकवायच्या. सासर नावड्याचं आणि माहेर खाडीकाठच्या गावातलं. त्यांचे वडील खाडीत पाग टाकायचे. पाग म्हणजे एकट्यानं भिरकावायचं गोल जाळं. होडीत उभं राहून, कंबरेतून वळून ते असं सोडायचं की हवेतच पूर्ण उघडलं पाहिजे. बाईंना भाऊ उशिरा झाला, त्यामुळे तोवर पाग टाकायला वडिलांच्या हाताशी ही मुलगीच. जाळ्याकडं बघायचं नाही, पायांकडं बघायचं, हे वडिलांचं सांगणं. कॉलेजात कुणीतरी त्यांच्या हातात हातोडा दिला, तेव्हा त्यांना तो पागाचा धाकटा भाऊ वाटला असणार. स्वतः त्या किती लांब फेकायच्या हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "माज्या टायमाला बायांची हातोडाफेक कुटं होती धड? आमी फेकायचो नि आमीच आनायचो."

हातोड्याशी मात्र त्या एखाद्या पाहुण्यासारख्या वागत. प्लॉटवर एकच प्लास्टिकचं स्टूल होतं आणि त्यावर हातोडा बसायचा. उन्हात त्याच्यावर बाईंची छत्री. बाई आणि आम्ही जमिनीवर. "लोखंड तापलं की रुसतं," हे त्यांचं कारण. शाळेतून प्लॉटवर जाताना त्या हातोडा मासळीच्या टोपलीत घालून, वर फडकं टाकून बसनं न्यायच्या. एकदा कंडक्टरनं अडवलं. "ओ मावशी, मच्छी अलाऊड नाय बसमधी. लोक कंप्लेंट करतात."

बाईंनी फडकं काढलं. "मच्छी नाय. घे, वास घे."

त्यानं आत बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि तिकिटं फाडली. पुढं तोच कंडक्टर जिल्ह्याच्या स्पर्धा जवळ आल्या की विचारायचा, "काय मावशी, पापलेट जाणार ना लांब?"

आईला हे प्रकरण उशिरा कळलं. मुलगी पी.टी.ला थांबते म्हणजे खो-खो खेळत असेल असा तिचा समज. शेजारच्या काकूंनी सांगितलं की तुमची मुलगी घण फिरवते, तेव्हा ती तडक रिक्षा करून नावड्याला आली. "बाई, मुलगी आहे हो ती. उद्या खांदा निखळला तर आयुष्यभराचं दुखणं. आमच्यात कुणी असलं काही केलं नाही."

मला वाटलं आता बाई भाषण देतील. बाईंनी स्टुलावरची छत्री बाजूला केली आणि हातोड्याची मूठ आईच्या हातात दिली. "वैनी, धरा जरा. हलू एक फेरी मारा. फेकाचा नाय, नुस्ती फेरी."

आईनं पर्स माझ्याकडं दिली, पदर खोचला आणि रागारागातच फिरली. गोळा जमिनीवरून वीतभर उठला, तार ताठ झाली आणि आई मागं रेलली. एकच फेरी. मग ती थांबली, धापा टाकत म्हणाली, "अहो, हा ओढतो की!"

"ओढनारच. त्याला ओढू द्याचं. आपन पडाचं नाय, बस्स."

रात्री जेवताना आई बाबांना म्हणाली, "तुम्ही एकदा धरून बघा ते." दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात दोन केळी जास्त आली.

आता त्या प्लॉटविषयी. एका बाजूला तळोज्याच्या कारखान्यांची धुरांडी, दुसऱ्या बाजूला नवे टॉवर, मधे सरकारी मोकळी जमीन आणि तीवर आमचा संसार. हातोडा भलतीकडं सुटला तर माणूस मरेल, म्हणून रिंगणाभोवती जाळीचा पिंजरा लागतो. बाईंनी तो माहेरच्या जुन्या जाळ्यांचा बांधला होता. समुद्रातल्या ओढीला टिकलेली जाडजूड जाळी, बांबूंना बांधलेली. तिला मासळीचा वास इतका मुरलेला की गावातली मांजरं आमच्या सरावाला नियमित हजर असत. कुणाचा हातोडा जाळीत अडकला की बाई ओरडायच्या, "लागला मासा!"

रिंगण त्यांनी सासरच्या भावकीतल्या एका मिस्त्रीकडून करून घेतलं होतं. शेजाऱ्यांच्या अंगणात ओटा घालायचं काम चाललं होतं, तिथलं उरलेलं काँक्रीट त्यानं प्लॉटवर आणून ओतलं आणि जीव लावून घोटलं. काम खरंच देखणं होतं. पावसाळ्यात सगळा प्लॉट चिखलात असायचा, पण रिंगणावर पाण्याचा टिपूस नसायचा. पाणी पडलं की सरळ मागच्या नाल्याकडं निघून जायचं. मिस्त्री येता-जाता थांबून आम्हाला सांगायचा, "ढाळ बगा कसा काढलाय. माज्या हातचं काम हाय, पानी थांबनार नाय." बाईंना त्या रिंगणाचा केवढा अभिमान. आम्हालाही होता. बाकीच्या शाळांच्या मुली पावसाळाभर घरी बसायच्या आणि आम्ही फेकायचो.

नव्या मुलीला बाई आधी हातोडा देत नसत. तिला माहेरी न्यायच्या, खाडीत बांधलेल्या भावाच्या होडीत उभं करायच्या आणि सांगायच्या, "फिर." होडीत पायानं रेटा दिला की होडी एकीकडं जाते आणि आपण दुसरीकडं. मी पहिल्याच फेरीला ओहोटीच्या काळ्या चिखलात मांडीपर्यंत रुतले होते. "होडीत जोर लावाचा नाय. पान्यावर उभी हायेस, ते इसरू नको," बाई काठावरून सांगत होत्या आणि त्यांचा भाऊ मला दोरीनं ओढत होता. सगळ्या मुली पडायच्या. पडली नाही ती फक्त हर्षाली.

हर्षाली नावड्यातलीच, वडील टेम्पो चालवायचे. ती आली तेव्हा मी नोकरीला लागले होते, हातोडा सुटला होता, पण रविवारी प्लॉटवर गेल्याशिवाय मला करमायचं नाही. होडीत ती बारकी मुलगी उभी राहिली, फिरली, आणि होडी जागची हलली नाही. बाई तिच्या पायांकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "ही जानार. लांब जानार ही." बाईंच्या तोंडून कुणाचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. मला थोडं लागलं, पण त्याहून जास्त आनंद झाला.

आता बाईंच्या सगळ्यात मोठ्या वेडाबद्दल. आमच्या मुलींचं एक होतं. बाहेर कुठंही स्पर्धेला गेलो की पहिल्या दोन फेका बाद. हमखास. पाय पुढच्या कडेबाहेर. घरच्या रिंगणात आठवडा आठवडा एक फेक बाद न करणारी मुलगी बाहेर गेली की पहिली बाद, दुसरी बाद, तिसरी कशीबशी आत आणि चौथीपासून कुठं हात मोकळा. बूट बदलून पाहिले. नाश्ता बदलून पाहिला. एकीच्या आजीनं तर मैदानातच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शेवटी बाईंनी एक दिवस निर्णय दिला. "खाडी आपला हिस्सा घेते. पयली फेक खाडीची, दुसरी गावदेवीची. तितून पुढं तुजी."

तेव्हापासून आमची रीतच पडली. पहिल्या फेकीआधी पश्चिमेला तोंड करून जमिनीला हात लावायचा आणि ती फेक खाडीला देऊन टाकायची. बाद झाली तरी तोंड पाडायचं नाही, उलट देणं पोचलं म्हणून बरं वाटायचं. स्पर्धेत सहा फेका मिळायच्या, त्यामुळे चालून जायचं. राज्य स्पर्धेत दुसऱ्या जिल्ह्यांच्या मुली आधी आम्हाला हसल्या, मग दोघी-तिघी आमचं बघून जमिनीला हात लावू लागल्या. हर्षाली तर इतक्या भक्तीनं दोन फेका वाया घालवायची की पंचसुद्धा तिचा लाल झेंडा हळू आवाजात दाखवतात असं आम्ही म्हणायचो. असं करत करत ती देशातली पहिली झाली, आणि आशियातल्या सगळ्या देशांच्या मुली जिथं येतात त्या स्पर्धेला निवडली गेली.

योगायोग असा की ती स्पर्धा पूर्वेकडच्या ज्या शहरात होती, तिथंच माझ्या कंपनीनं मला काही महिन्यांसाठी पाठवलं होतं. बाईंनी हे ऐकलं आणि गावदेवीला नारळ फोडला. त्यांना स्वतःला यायचंच नव्हतं. संघाबरोबर जायला अधिकृत प्रशिक्षक होते, सज्जन गृहस्थ. बाईंना प्रेक्षकांत बसावं लागलं असतं. "लांबून पाय दिसत नाय," बाई म्हणाल्या. "तू जा. कठड्याजवल बस नि फोन धर. पन तोंड नको दाखवू तिचं, आकाश नको दाखवू. पाय दाखव."

प्राथमिक फेरीच्या दिवशी मी पिंजऱ्याच्या बाजूला, कठड्याला चिकटून जागा पकडली. आपल्या संघाचे प्रशिक्षक शेजारीच होते. माझ्याकडं सकाळचे दहा वाजले होते, नावड्यात नुकतं उजाडलं होतं. व्हिडिओ कॉल लावला तर बाई प्लॉटवर, रिंगणाशेजारी उकिडव्या. मागं सगळ्या मुली, जाळीवर दोन मांजरं.

"बाई, इथं प्राथमिक फेरीत तीनच फेका मिळतात," मी म्हटलं. मला ते तिथं आल्यावर फलकावर वाचून नीट कळलं होतं.

"तीन?"

"तीनच. त्यातली चांगली असली तर फायनल."

"मग दोन खाडीला नि गावदेवीला गेल्या की एकच उरते गो."

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. तिसरी फेक म्हणजे आमच्या मुलींची नेहमीची घाबरत, सावरत टाकलेली फेक. तेवढ्यानं इथं कुणी फायनलला जात नाही.

हर्षाली आली. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये ती मला अचानक होडीतल्याएवढी बारकी दिसली. तिनं पश्चिम कुठली ते अंदाजानं ठरवलं आणि जमिनीला हात लावला. मी फोन तिच्या बुटांवर रोखला. पाय फिरले, झपाझप पुढं आले, आणि डावा पाय पुढच्या कडेबाहेर. लाल झेंडा.

मी हर्षालीकडं बघितलं, तर ती मला अंगठा दाखवून हसत होती. खाडीचं देणं पोचलं होतं ना.

दुसरी फेक. पाय फिरले, पुढं आले, कडेबाहेर. लाल झेंडा. शेजारच्या प्रशिक्षकांनी डोक्याला हात लावला. "शिबिरातही हेच. महिनाभर आमच्याकडे होती तेव्हा शेवटी शेवटी बरी झाली होती. मग घरी गेली, बाईंच्या रिंगणातच तयारी करायची म्हणून. आणि पुन्हा तेच."

फोनमधून बाईंचा आवाज आला. "ते काय बोलले? परत सांग."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "तितं बरी झाली, नि हितं येऊन बिगरली?" आणि फोनमध्ये मला एकदम आकाश दिसायला लागलं. त्यांनी फोन जमिनीवर ठेवला होता. कुणाला तरी "बाटली दे गो" म्हणाल्याचं ऐकू आलं, मग पाणी ओतल्याचा आवाज.

"बाई?" मी ओरडले. "बाई, काय झालं?"

"पानी चाललं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "मागं चाललं गो. नाल्याकडं."

मला काही कळेना. "कसलं पाणी?"

"रिंगनाला उतार हाय आपल्या. पानी जावं म्हनून मिस्त्रीनं काढलेला. आपल्या पोरी चढावर फिरतात. मागनं पुढं येताना चढ चढतात नि तेवरा रेटा देतात. बाहेरची रिंगनं सपाट. तितं तेवराच रेटा दिला की पाय बाहेर." त्या थांबल्या. "खाडी काय घेत नव्हती गो. खाडीनं कदी काय मागितलंच नाय. मीच पोरींच्या फेकी पान्यात घातल्या. तुज्या पन."

इतकी वर्षं पाय बघणारी बाई, पण पायांखाली काय आहे ते त्यांना दिसलं नव्हतं. आणि आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं, कारण आमच्याकडं उघड्यावर काँक्रीट टाकायचं म्हणजे ढाळ काढायचाच, तो नसेल तर काम वाईट. मला बाईंना सांगायचं होतं की जाऊ दे, माझ्या फेका गेल्या तर गेल्या. पण वेळ कुठं होता?

"बाई, आता तिला काय सांगू? उताराचं सांगू?"

"नको." बाईंचा आवाज परत जागेवर आला. "उतार, चढ काय बोलू नको. इचार करत बसंल. तिला एवरंच सांग, होडी. होडीत उभी हायेस म्हनावं."

मी कठड्यावरून वाकून हाक मारली. हर्षाली आली, तोंडावर तेच हसू. "ताई, टेन्शन नाय. दोन गेल्या. आता माजी."

"हर्षाली, बाईंनी सांगितलंय, होडी."

तिचं हसू गेलं. तिनं माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं, मग रिंगणाकडं बघितलं. "होडी?"

"पाण्यावर उभी आहेस, ते विसरू नकोस."

तिनं वाकून बुटांच्या नाड्या परत बांधल्या. या वेळी तिनं जमिनीला हात लावला नाही.

"पाय दाखव," फोनमधून आवाज आला. "पाय, पाय."

मी पाय दाखवले. मी स्वतःही पडद्यावर पायच बघत होते, कारण फोन हलला तर बाईंना दिसणार नाही याची मला धास्ती. त्या छोट्या पडद्यात दोन बूट होते आणि पांढरी कड होती. बूट फिरले. टाच, चवडा, टाच, चवडा. रेटा नव्हता. मला शपथेवर सांगता येईल की त्या क्षणी ते रिंगण पाण्यावर होतं आणि हलत नव्हतं. शेवटची फेरी झाली, उजवा पाय टेकला, डावा टेकला आणि थांबला. कडेच्या आत. तिथंच थांबला.

मग स्टेडियमभर आरडाओरडा झाला. धप् काही ऐकू आलं नाही.

"ऐकू नाय आला गो," बाई म्हणाल्या. "कुटं पडला? कसा गेला?"

मी मान वर केली तोपर्यंत हातोडा कधीच पडला होता. पंचाच्या हातात पांढरा झेंडा होता आणि फलकावर आकडा उमटत होता. "बाई, मी नाही बघितला. मी पाय बघत होते."

बाई हसल्या. मीही हसले आणि हसताहसता डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लांब येऊन, कठड्याला चिकटून, हर्षालीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फेक मी पाहिली नाही आणि बाईंनीही पाहिली नाही. ती फायनलला गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रिंगण फोडलं. मिस्त्रीकडून घण मागून घेतला आणि शाळा सुटल्यावर स्वतः फोडायला लागल्या. नवऱ्यानं सांगितलं, उद्या माणसं लावू. बाई म्हणाल्या, "माजं मी फोडते." मिस्त्री रुसून बसला. "वैनी, माज्या कामात कदी पानी थांबलंय काय? मंग कशापायी फोडलं?" नवं रिंगण त्यानंच घातलं, पण सपाट काम करायला त्याचा हात उचलेना. बाई पाण्याची नळी घेऊन शेजारी बसल्या होत्या आणि त्यानं चोरून ढाळ काढायला घेतला की त्याच्या हातावर चापट मारत होत्या. आता पावसाळ्यात त्या रिंगणात पाणी साचतं. मुली रोज बाईंच्या जुन्या साड्यांनी ते पुसून कोरडं करतात. मिस्त्री आजही तिकडून जाताना मान फिरवून जातो.

पदक मिळालं नाही, हेही सांगून टाकते. फायनलमध्ये हर्षालीच्या पुढं बऱ्याच जणी होत्या, खूप पुढं होत्या. परत आल्यावर लोक विचारायचे, काय आणलं? ती म्हणायची, सहाच्या सहा फेका. लोकांना त्यातलं काही कळत नसे. आम्हाला कळत होतं.

मला दोन दिवसांनी झालेल्या त्या फायनलमधली पहिली फेक आठवते. मी पुन्हा कठड्याशी, पुन्हा फोन हातात. बाई प्लॉटवर, फोडलेल्या काँक्रीटच्या ढिगाशेजारी उभ्या होत्या. बसायला जागाच नव्हती. हर्षाली रिंगणात गेली.

"बाई, पहिली कुणाची?" मी विचारलं.

"कुनाची म्हंजे? तिची."

मी फोन तिच्या बुटांवर रोखला.

"पाय नको," बाई म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"पाय मना ठाव हायेत. फोन वर धर."

मी फोन वर केला. पिंजऱ्याच्या तोंडातून हातोडा निघाला आणि या वेळी मीही बघितला. आधी काळा गोळा, मग ठिपका, मागं तार चमकतेय, आणि तो चढतच राहिला, दिव्यांच्याही वर, जिथून तो आता खाली येणारच नाही असं वाटावं तिथवर. मग सावकाश वळला. हातोडा पडला, पांढरा झेंडा वर गेला.

"बाई, दिसला का?"

"अगो," बाई म्हणाल्या, अगदी हळू, "येवरा वर जातो?"

"हो बाई," मी म्हटलं. "नेहमीच जायचा."